नागफणीवरून खाली

रविवार, १४ डिसेंबर २०२५. दादर. रात्रीचे साडेअकरा.

उजव्या तळहाताला अजून चामड्याचा वास येतोय. दोनदा साबणाने धुतला तरी जात नाही. दिवसभर घातलेल्या हातमोज्यांचा आहे.

वही उघडून महिना झाला. शेवटची नोंद १५ नोव्हेंबरची, दिल्लीच्या स्टेशनवर बसून लिहिलेली. एकच ओळ: ‘उद्या घरी.’ त्यापुढची पानं कोरी. एकटीने केलेल्या प्रवासाच्या साडेदहा महिन्यांत एक दिवस चुकवला नव्हता. नेपाळमध्ये ताप होता तेव्हाही चार ओळी लिहिल्या, स्पितीत बोटं आखडली होती तेव्हाही. घरी आले आणि हात थांबला.

आज लिहिते.

जानेवारीत निघाले तेव्हा गोखले रोडवर मेट्रोच्या कामाचे पत्रे होते. आमच्या घरातल्या कितीतरी बोलण्यांत ते पत्रे यायचे. रिक्षा-टॅक्सी आत येत नाही, धूळ येते, वगैरे. मे महिन्यात गाडी दादरपर्यंत आली, ऑक्टोबरात थेट कफ परेडपर्यंत. मी आल्यावर दुसऱ्याच दिवशी भाचीने मला हात धरून खाली स्टेशनात नेलं. ‘आत्या, घाबरू नकोस, इकडून उतरायचं,’ म्हणाली. ज्या रस्त्यावर मी सायकल शिकले त्या रस्त्याखाली मला सात वर्षांची मुलगी वाट दाखवत होती. तिचा हात मी घट्ट धरला होता.

घरातही तसंच. माझ्या अर्ध्या कपाटात आता तिचे गणवेश आहेत आणि वरच्या खणात बाबांच्या रिपोर्टांच्या फायली. कुणी मुद्दाम केलेलं नाही. घर माणसांनी भरतं, रिकामी जागा राहत नाही, एवढंच. माझी सॅक दिवाणाखाली आहे. तिच्यातले दोन शर्ट काढते, धुते, गॅलरीत वाळवते, घडी करून पुन्हा सॅकमध्येच ठेवते. रात्री जाग आली की आधी उशीखाली पासपोर्टचं पाकीट चाचपते, मग दार कुठल्या बाजूला आहे ते आठवते. आई रोज विचारते, ‘काय करू खायला?’ मी रोज म्हणते, ‘काहीही चालेल.’ परवा मार्गशीर्षातल्या गुरुवारचा घट मांडताना ती माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘पाहुण्यासारखं काय बोलतेस गं सारखं?’ मला उत्तर सुचलं नाही.

आणि बाबा. मे महिन्यात त्यांची अँजिओप्लास्टी झाली तेव्हा मी लाओसमध्ये होते. ह्युए सायहून लुआंग प्रबांगला मेकाँग नदीतून संथ बोट जाते, दोन दिवस लागतात, मधली रात्र पाकबेंग नावाच्या गावात. त्या दोन दिवसांत मी लाकडी बाकावर बसून नदी बघत होते, खूप सुखात होते. चिकट भात बोटांनी वळून खाताना आईच्या मऊ भाताची आठवण काढत होते. त्याच दोन दिवसांत दादा एकटा हॉस्पिटलच्या जिन्यात बसून होता. मला चार दिवसांनी कळलं, बाबा घरी आल्यावर. फोनवर बाबाच म्हणाले, ‘अगं किरकोळ होतं, तू फीर.’ मी फिरले. त्याबद्दल दादा आणि मी एक शब्द बोललो नव्हतो. आल्यापासून आमचं बोलणं ‘दूध आणलंस का’ आणि ‘बाबांची गोळी दिली का’ एवढ्यावर होतं.

बुधवारी तो अचानक म्हणाला, ‘ठमे, रविवारी नागफणीला जातोय आम्ही. दोर लावणार आहोत. एक जागा आहे, चल.’

नागफणी म्हणजे खंडाळ्याजवळचा सुळका. कॉलेजात असताना त्याच्यामागे लागून मी एकदोनदा रॅपलिंग, म्हणजे दोरावरून कडा उतरणं, केलं होतं, लहान कड्यांवर. त्याचा तो जुना चमू अजून एकत्र आहे. आता सगळ्यांचे केस पिकलेत, पण सामान जिवापाड जपतात. मी ‘हो’ म्हटलं. यावेळी ‘चालेल’ म्हटलं नाही, हे मला आत्ता लिहिताना जाणवतंय.

पहाटेची इंद्रायणी. कर्जतला मागून बँकर, म्हणजे रेटणारी जादा इंजिनं, जोडली जातात तेव्हा गाडीला एक हलका धक्का बसतो, तो धक्का ओळखीचा निघाला. तेवढ्या वेळात खाली उतरून दिवाडकरांचे वडे घ्यायचे आणि गाडी हलायच्या आत वर चढायचं. बोरघाटात चढ दर ३७ फुटांना एक फूट आहे, मागून रेटा नसेल तर गाडी चढत नाही. डब्याच्या दारात दादा उभा, मी त्याच्या मागे. बोगद्यामागून बोगदे. खंडाळ्याच्या अलीकडे त्याने हात बाहेर न काढता नुसती हनुवटी वर केली. फणा काढलेल्या नागासारखा तो सुळका उन्हात उभा होता. इंग्रजांना त्यात ड्यूक ऑफ वेलिंग्टनचं नाक दिसलं, आपल्या लोकांना नाग दिसला. मला लहानपणापासून नागच दिसतो.

लोणावळ्याहून टमटमने नौदलाच्या आयएनएस शिवाजीवरून कुरवंडे गाव. तिथून वर जायला तासभर पुरतो. गवत पिवळं पडलंय, कारवीच्या काटक्या वाळून करकरतात. वर महादेवाचं छोटं देऊळ आहे. तिथे उभं राहिलं की एकीकडे एक्स्प्रेसवेवरच्या गाड्या मुंग्यांएवढ्या आणि दुसरीकडे कोकणचं खोल रान. दादाने तिथे उभं राहून उंबरखिंडीची लढाई सांगायला सुरुवात केली. तो दर वेळी सांगतो, त्याच शब्दांत: मुघल सरदार करतलबखान फौज घेऊन याच कुरवंड्याच्या घाटाने उतरला, खाली अरुंद वाट, दोन्ही बाजूंना झाडीत शिवाजी महाराजांची माणसं दबा धरून, तारीख २ फेब्रुवारी १६६१, पाणी तोडलं, आणि शेवटी त्याच्याच बाजूच्या रायबागनने खानाला शहाणपण सांगितलं की शरण जा. मला सगळं पाठ आहे. तरी मी ऐकत राहिले, कारण महिन्याभरात तो पहिल्यांदाच माझ्यासमोर इतकं सलग बोलत होता.

मग काम. या कामात ही माणसं गप्प होतात. दोर बांधायला तासाहून जास्त वेळ लागला आणि कुणालाही घाई नव्हती. मुख्य दोर एका अँकरला, सेफ्टी दोर वेगळ्या अँकरला. एक सुटला तरी दुसरा धरेल. कडेला दोर कातळावर घासतो तिथे जाड कापडाची गादी. प्रत्येक कॅराबिनरचा, म्हणजे दोर अडकवायच्या कडीचा, स्क्रू फिरवून बघायचा आणि मग दुसऱ्याने येऊन पुन्हा फिरवून बघायचा. अत्तर, डिओ लावून आलेल्या एका मुलाला त्यांनी धारेपासून लांब बसवलं. अशा कड्यांना आग्या मोहोळं असतात, वासाने आणि आरडाओरड्याने उठतात. दोरावर लटकलेल्या माणसाला पळायला जागा नसते.

चमूतले सगळ्यांत वडीलधारे काका दोर मोकळा करता करता सांगत होते, की रॅपल हा फ्रेंच शब्द, अर्थ ‘परत बोलावणं’. आल्प्समधल्या शामोनीचा वाटाड्या जाँ शार्ले १८७० च्या दशकात पेटी द्रू शिखरावर एकटा झटत होता, तेव्हा खाली उतरण्यासाठी त्याने ही युक्ती काढली. दोर दुहेरी टाकायचा, उतरायचं आणि खाली पोचलं की एक टोक ओढून सगळा दोर आपल्याकडे परत बोलवायचा. मी ते ऐकून घेतलं आणि कमरेला बांधलेल्या हार्नेसचा पट्टा पुन्हा एकदा उलटा ओवून घट्ट केला.

माझा नंबर सहावा होता. सेफ्टी दोर दादाच्या हातात.

धारेकडे पाठ करून उभी राहिले. उतार साडेतीनशे फुटांचा आहे असं हे लोक सांगतात. मी खाली बघितलं नाही. डावा हात वरच्या दोरावर, उजवा कमरेमागे खालच्या दोरावर. सगळा ब्रेक त्या उजव्या हातात असतो. डावा हात फक्त तोल राखायला. मला हे माहीत होतं, तरी मी डाव्या हाताने वरचा दोर असा आवळला होता की बोटं दुखायला लागली.

सगळ्यांत अवघड पहिले दोन फूट. अंगाला सरळ उभं राहायचं असतं, कातळाला चिकटायचं असतं. आणि तसं केलं की पाय घसरतात, कारण पाऊल दगडावर दाबलं जात नाही. मागे झुकावं लागतं, इतकं मागे की पाय कातळाला काटकोनात येतील आणि सगळं वजन दोरावर जाईल. मी अर्धी झुकले आणि थांबले. बूट घसरला, गुडघा आपटला.

वरून दादाचा आवाज आला. ओरडला नाही. घरात बोलतो तसाच.

‘ठमे, बस. खुर्चीत बसतात तशी बस. उभी राहू नकोस.’

‘बसतेय.’

‘नाही बसलीस. तू अजून स्वतःच्याच पायांवर आहेस. मी धरलंय. बस.’

साडेदहा महिने मी स्वतःच्याच पायांवर होते. तिकीट, पैसे, औषधं, रात्रीची खोली, कुणावर विश्वास ठेवायचा आणि कुणावर नाही, सगळं माझं मी. त्याचा मला अभिमान आहे, अजूनही आहे. पण घरी येऊनही मी तशीच उभी होते, दाराजवळ, बूट घातल्यासारखी. या सगळ्याचा मी तेव्हा शब्दांत विचार केला नाही. तेव्हा फक्त डाव्या हाताची बोटं एकेक करून सैल केली, कंबर मागे सोडली आणि हार्नेसने मांड्यांखाली मला उचलून धरलं. दोर किंचित ताणला गेला आणि थांबला. पाय आपोआप सरळ झाले.

मग खाली.

सुरुवातीला दोर सरकतच नाही. खाली लोंबणाऱ्या दोराचंच वजन इतकं असतं की डिसेंडरमध्ये, म्हणजे दोर ज्यातून सरकतो त्या साधनात, तो अडतो, उजव्या हाताने उचलून उचलून आत भरवावा लागतो. जसजसं उतरावं तसतसा खालचा दोर कमी होतो, हलका होतो, आणि मग उलट आवरून धरावं लागतं. तीस-चाळीस फुटांवर मला लय सापडली. वाऱ्याचा आवाज वेगळा झाला, वरच्या माणसांचे आवाज तुटले. पाकोळ्या माझ्या पायांखालून उडत होत्या.

मध्यावर मी थांबले. कुणी सांगितलं नव्हतं. नाकापासून वीतभर अंतरावर कातळात बोराएवढी एक पोकळी होती आणि तिच्या आत पांढऱ्या, सुईसारख्या स्फटिकांचा गुच्छ. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. तो थिजताना आत अडकलेला हवेचा बुडबुडा. मग युगानुयुगं झिरपलेलं पाणी आणि त्यातले क्षार. पोकळीच्या ओठावर एक वाळकं गवताचं पातं अडकलं होतं आणि ते वाऱ्याने त्या स्फटिकांवर घासत होतं, अगदी हळू. मी वर्षभर केवढं काय काय बघितलं. कारंजी, मठ, बर्फाची शिखरं. हा गुच्छ माझ्या घरापासून सकाळच्या एका गाडीच्या अंतरावर होता. मी कितीतरी वेळ तिथे टांगून होते. सेफ्टी दोर एकदाही हिसकला नाही. वर दादा नुसता धरून उभा होता.

खाली टेकले तेव्हा पाय लटपटले. दोर सोडवला, ‘रोप फ्री’ अशी हाक दिली, ती वर पोचायला वेळ लागला. डिसेंडर हाताला गरम लागत होता.

वळसा घालून पुन्हा वर आले तेव्हा दादाने सेफ्टी दुसऱ्याकडे दिली होती. देवळामागे सावलीत बसून आम्ही सकाळचा थंड वडा अर्धा-अर्धा खाल्ला. मीच विचारलं.

‘मेमध्ये मला का नाही सांगितलंस?’

‘सांगितलं असतं तर आली असतीस.’

‘अर्थात आले असते.’

‘म्हणून.’ बराच वेळ गेला. मग म्हणाला, ‘आणि नंतर तुझ्यावरच राग धरून बसलो, की ही नाहीये. म्हणजे मीच सांगायचं नाही आणि मीच चिडायचं. बरोबर नव्हतं ते.’

मी म्हटलं, ‘मला राग येतो की तू माझं ठरवलंस.’ तो म्हणाला, ‘येऊ दे.’ मी रडले थोडी. त्याने पाण्याची बाटली पुढे केली. तेवढ्यात काकांनी हाक मारली, दोर गुंडाळायला माणसं हवी होती. तो उठला, मीही उठले. ओला-मातकट दोर हाताच्या वेटोळ्यात घेत घेत आम्ही दोघांनी मिळून आवरला, तो एका टोकाला, मी दुसऱ्या.

घरी आलो तेव्हा नऊ वाजले होते. बाबांनी माझा गुडघा बघितला, कपाटातून आयोडेक्स काढून स्वतः चोळलं. त्यांच्या हाताला आता थोडा कंप आहे. मी पाय मागे घेतला नाही. आई म्हणाली, ‘हिरकणी झाली वाटतं आमची,’ आणि ताट वाढायला गेली.

जेवताना तिने विचारलं, ‘उद्या काय करू?’

म्हटलं, ‘मुगाची उसळ. खोबरं घालून, आणि तिखट.’

ती थांबली. ‘मग दुपारीच सांगायचं नाही का. मूग भिजवलेत कुठे?’

‘आत्ता घालते.’

‘मोड यायला परवा उजाडेल.’

‘परवा खाऊ.’

डबा वरच्या फळीवर पूर्वी असायचा तिथेच होता. दोन वाट्या मूग काढले, तीनदा पाणी बदलून धुतले आणि पातेल्यात भिजत घातले. स्वयंपाकघरातला दिवा मी आत्ताच मालवून आले.