टाकी क्रमांक २३ : इको, नॉर्मल, स्पोर्ट आणि उसाची ट्रॉली

"मर्दा, दोनशे तीस घोडे पदरात घेऊन अ‍ॅव्हरेज कसलं बघायलास?" गेल्या नोव्हेंबरपासून हे मला शॉपमधल्या पोरांपासून सासऱ्यांपर्यंत सगळ्यांनी विचारून झालं. काय सांगणार? बेळगावच्या उद्यमबागेत मशीन शॉप आहे, मायक्रोमीटर हातात घेतल्याशिवाय दिवस जात नाही. गाडीत ड्रायव्हिंग मोडचं बटण दिसल्यावर ते दाबून नक्की किती फरक पडतो हे मोजल्याशिवाय झोप लागणार नव्हती. बाबांचा प्रश्न वेगळाच : "मोड म्हणजे मटकीला येतात ते काय रे?"

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी गाडीची माहिती थोडक्यात. स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस, २०१७ ला आपल्याकडे आलेली २३० पीएसवाली. माझी २०१८ ची, सेकंडहँड. २.० टीएसआय टर्बो पेट्रोल, १५०० ते ४६०० आरपीएमपर्यंत सपाट ३५० न्यूटन मीटर टॉर्क, सहा गियरचा वेट क्लच डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गियरबॉक्स), ५० लिटरची टाकी. मोड चार : इको, नॉर्मल, स्पोर्ट आणि आपल्या मर्जीनं जुळवायचा इंडिव्हिज्युअल.

पहिल्या सात टाक्या वाया गेल्या, हे आधीच कबूल करतो. मी डिस्प्लेवरचा आकडा वहीत लिहीत होतो आणि खूश होतो. आठव्या टाकीला पंपावरच्या लिटरनं भागून बघितलं तर डिस्प्ले सहा टक्के जास्त दाखवत होता. म्हणजे तो दाखवणार लिटरला १६ किलोमीटर, खरं बसणार १५. मग टाकी ते टाकी मोजायचं ठरवलं. तिथं दुसरं विघ्न आलं. हायवेला लागण्याआधीच्या एका पंपावर नोझल क्लिक होऊन थांबलं, मी खिशातनं फोन काढेपर्यंत पोरानं अजून दोनदा दाबून १५०० रुपयांचा राऊंड फिगर करून सोडला. का केलास म्हटलं तर म्हणतो, "सुट्टे पैसे कोण देत बसणार, साहेब?" कोल्हापूरपर्यंत जाऊन आलेली सव्वादोनशे किलोमीटरची फेरी त्या दोन दाबांत गेली.

तेव्हापासून नियम ठरले. पंप तोच, नोझल तेच, पहिल्या क्लिकला बंद. टायरची हवा सकाळी थंड असतानाच बघायची. जिथनं निघालो तिथंच परत यायचं. हा शेवटचा नियम लोक विसरतात. आपल्याकडे रस्ता कधीच सपाट नाही. वंटमुरीचा घाट, तवंदीचा घाट, जाताना उतरलो ते येताना चढायचंच आहे. फक्त बेळगाव ते निपाणी एका बाजूचं अ‍ॅव्हरेज सांगणाऱ्यावर माझा विश्वास नाही.

इतकं करूनही नोझल कधी अर्धा लिटर आधी थांबतं, कधी नंतर. पंधरा लिटरच्या भरण्यात अर्धा लिटर म्हणजे तीन टक्के. आमच्या भाषेत माझ्या मापाचा लीस्ट काउंट, म्हणजे मोजता येणारा सगळ्यात लहान फरक, तीन टक्के. दोन मोडमधला फरक त्याच्या आत असेल तर तो फरक नाही, मोजणाऱ्याचा हात आहे. पुढचे आकडे याच चष्म्यातनं बघा.

हायवे आधी सांगतो, कारण तिथं मला सगळ्यात मोठा धक्का बसला. बेळगाव–कोल्हापूर–बेळगाव, क्रूझ कंट्रोल (पाय न लावता वेग धरून ठेवणारा) ९० वर, पहाटे साडेपाचला निघायचं म्हणजे सहापदरीकरणाच्या डायव्हर्शनला गर्दी मिळत नाही. प्रत्येक मोडला तीन फेऱ्या. इको १५.६, नॉर्मल १५.४. फरक दीड टक्काही नाही. मी अक्षरशः गाडीला शिव्या घातल्या. इकोचं हिरवं चिन्ह बघून वर्षभर जे पुण्य गोळा केल्यासारखं वाटत होतं, ते शून्य निघालं.

नंतर डोकं शांत झाल्यावर लक्षात आलं की यात नवल काहीच नाही. मोड बदलला म्हणून गाडीचं वजन कमी होत नाही की समोरची हवा पातळ होत नाही. सहाव्या गियरला ९० चा वेग धरायला जेवढी ताकद लागते तेवढी लागतेच. इको प्रामुख्यानं अ‍ॅक्सिलरेटरचं पॅडल मऊ करतो, वरचा गियर लवकर टाकतो आणि पाय उचलला की क्लच सोडून गाडी घरंगळू देतो. पण क्रूझवर पायच नाही, गियर आधीच सहावा आहे, घरंगळायलाही कुणी सांगत नाही. मग इकोनं करायचं काय?

स्पोर्ट मात्र १३.७. हा फरक खरा आहे. डीएसजी 'एस'मध्ये, म्हणजे स्पोर्टमध्ये, गेला की ९० ला सहावा टाकायलाच तयार होत नाही, पाचव्यात धरून बसतो. आरपीएम वाढले म्हणजे आतलं घर्षण वाढलं. त्यात काम तेवढंच असल्यामुळं थ्रॉटल, म्हणजे हवेची झडप, आणखी मिटलेला राहतो आणि त्या चिंचोळ्या फटीतनं हवा ओढायला इंजिनची दमछाक होते. स्टिअरिंग जड होतं, आवाज दमदार येतो, त्याचा पेट्रोलशी संबंध नाही.

आता खरी गंमत. नॉर्मलमध्येच क्रूझ ११० वर ठेवून तीन फेऱ्या मारल्या : १३.२. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गानं वाढतो. ९० चा ११० केला की तो जवळपास दीडपट. म्हणजे स्पोर्टमध्ये ९० नं जाणारा माणूस नॉर्मलमध्ये ११० नं जाणाऱ्यापेक्षा कमी पितो. हे मी शॉपमध्ये फळ्यावर लिहून ठेवलंय. कुणी वाचत नाही.

शहरात चित्र उलटं. टिळकवाडी ते उद्यमबाग, मधेच खडेबाजार, शनिवारी गोवावेस. नॉर्मल ८.३, इको ८.९, स्पोर्ट ७.१. इथं इकोला हातपाय हलवायला जागा मिळते. १५०० पासनंच भरपूर टॉर्क असल्यामुळं लवकर वरचा गियर टाकला तरी गाडी रडत नाही, आणि एसीही जरा आखडता हात घेतो. मे महिन्यात बाबा मागं बसले होते, त्यांनी विचारलं, "एसीला पण पगार कमी केलास काय?" रेल्वे गेट पडलं की मी इंजिन बंद करतो, सगळ्या मोडमध्ये सारखंच, त्यामुळं ते गणितात धरलेलं नाही.

जानेवारीतली गोष्ट लांबवून सांगायला पाहिजे, कारण ती कुठल्या ब्रोशरमध्ये मिळणार नाही. कामानिमित्त आठवड्यातनं दोनदा निपाणी–चिकोडी रस्ता होता, गळीत हंगाम जोरात. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, ऊस दोन्ही बाजूंनी रस्त्यावर ओघळलेला, मागं रिफ्लेक्टर असलाच तर चिखलाखाली. वीस-पंचवीसचा वेग आणि मागं आठ गाड्यांची वरात. ओव्हरटेक करायला समोर मिळणार तीन-चारशे मीटर मोकळी जागा. इकोमध्ये पॅडल दाबलं की गाडी आधी विचार करते. अजून दाबलं, अजून विचार. मग पाय पार तळाला गेला की एकदम दोन गियर खाली येतात, टर्बोचा बूस्ट भरतो आणि गाडी ट्रॉलीच्या पुढं उडते. उडते म्हणजे उडतेच, पुढच्या ट्रॉलीला ब्रेक दाबेपर्यंत. हे एका फेरीत बारा-पंधरा वेळा. नॉर्मलमध्ये तेच काम अर्ध्या पॅडलमध्ये, एक गियर खाली येऊन, बिनतक्रार होतं.

आकडे : नॉर्मल १२.४, इको ११.९. म्हणजे चार टक्क्यांनी इको मागं. लीस्ट काउंटच्या जेमतेम बाहेर, म्हणून छाती ठोकून सांगत नाही. पण चार टाक्या सलग तसंच आलं. तुमचा पाय माझ्यापेक्षा संयमी असेल तर तुमचं वेगळं येईल. माझा पाय इकोमध्ये चिडतो, आणि चिडलेला पाय पितो.

चोर्ला घाट. जांबोटी, कणकुंबी, मग खाली साखळी. मित्राला सोबत घेतलं होतं, त्याला गोव्याचं स्वस्त पेट्रोल भरायचं होतं, माझ्या प्रयोगाचं काही पडलेलं नव्हतं. बेळगाव समुद्रसपाटीपासनं साधारण साडेसातशे मीटरवर आहे. आमच्या दोघांसकट गाडी सोळाशे किलो धरली तर खालनं वर आणायला सव्वा लिटरच्या वर पेट्रोल निव्वळ उंचीसाठी जातं. हे कुठल्याही मोडमध्ये वाचत नाही.

उतरताना मात्र इको मला पटत नाही. पाय उचलला की क्लच सुटतो, गाडी मोकळी सुटते, वेग वाढतो. वळण आलं, ब्रेकला पाय लावला की क्लच परत धरतो. पाय काढला की परत सुटतो. प्रत्येक वळणाला हा धरसोडीचा संसार. आणि घरंगळताना इंजिन आयडलवर चालू असतं, थोडं का होईना पेट्रोल जातच असतं. उलट गियरमध्ये राहून पाय उचलला तर चाकंच इंजिनला फिरवतात आणि इंजेक्टर बंद होतात, पेट्रोल शून्य. ब्रेकही तापत नाहीत. सपाट मोकळ्या रस्त्यावर घरंगळणं फायद्याचं, कारण तिथं इंजिन ब्रेकिंग केलं तर कमावलेला वेग वाया जातो. घाटात वेग घालवायचाच असतो. म्हणून उतरताना नॉर्मल, स्टिअरिंगमागच्या पॅडल शिफ्टरनं तिसरा गियर, निवांत. मित्र म्हणाला, "पहिल्यांदाच तू शहाण्यासारखा चालवायलास."

काहींनी विचारलं होतं की २०१८ मध्ये याच गाडीचे लोकांनी सांगितलेले आकडे माझ्यापेक्षा चांगले कसे. तेव्हाचं पेट्रोल वेगळं. आता पंपावर ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉलवालं, येतं. इथेनॉलमध्ये लिटरमागं ऊर्जा पेट्रोलपेक्षा तिसऱ्या हिश्शानं कमी, म्हणजे वीस टक्के मिसळलं की निव्वळ पेट्रोलच्या तुलनेत सहा-सात टक्के गेले. जुन्या वह्यांशी तुलना करू नका, आपल्याच दोन टाक्यांची करा. आपल्या जिल्ह्यात साखर कारखाने केवढे, इथेनॉल तिथलंही. चिकोडी रस्त्यावर जो ऊस मला अडवतो तोच फिरून माझ्या टाकीत येतो, आणि दोन्हीकडनं अ‍ॅव्हरेज खातो.

सध्या गाडी इंडिव्हिज्युअलवर आहे : स्टिअरिंग स्पोर्ट, इंजिन आणि गियरबॉक्स नॉर्मल, एसी नॉर्मल. गावात शिरलो की इको. स्पोर्ट आमगाव फाट्याच्या पुढं, चहाला कुणी सोबत नसेल तेव्हा. त्या टाकीचा हिशेब वहीत लिहीत नाही.

पुढचं काम पावसाळ्याचं. ओल्या रस्त्यावर टायरला पाणी कापायलाच ताकद लागते, ती किती हे नॉर्मल, ९०, त्याच कोल्हापूर फेरीवर बघायचंय. चोविसावी टाकी काल भरली. तोच राऊंड फिगरवाला पोरगा होता. नोझल लावलं, मला बघितलं, आणि हात मागं बांधून उभा राहिला.

"पहिल्या क्लिकला बंद, नव्हं काय?"

१४ लिटर ३८. सुट्टे पैसे मीच घेऊन गेलो होतो.