तीन फुटांच्या खाली

आमच्या घराला दोन मजले आहेत. त्यातला वरचा जमिनीपासून साधारण तीन फुटांवर सुरू होतो. तिथे आम्ही मोठी माणसं राहतो. कॅलेंडर तिथे, आरसा तिथे, ओटा, देवघर, स्विचबोर्ड, सगळं तिथे. खालच्या मजल्यावर सहा वर्षांची थोरली आणि अडीच वर्षांचा धाकटा राहतात. त्या मजल्यावर काय काय चालतं हे गेल्या वर्षी घराचं काम काढलं तेव्हा हळूहळू कळत गेलं.

घर नाशिकच्या सिडकोतलं. आबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, अंबडच्या कारखान्यात नोकरी लागली तेव्हा ते धुळ्याहून इथे आले आणि त्यांनी हे घर घेतलं. त्रिमूर्ती चौकात कुणालाही पत्ता विचारा, आधी 'कितवी स्कीम?' असा प्रश्न येतो. सिडकोने सहा स्कीममध्ये घरं बांधली. घरं मुळात एवढीशी. आज जी दिसतात ती लोकांनी आपापल्या ऐपतीने वाढवलेली. एका बोनसला पुढची खोली, एका भिशीला जिना, मुलाचं लग्न ठरलं की वरचा मजला. त्यामुळे काम संपलंय असं घर आमच्या गल्लीत नाही. कुणा ना कुणाच्या दारात वाळूचा ढीग असतोच, आणि त्या ढिगावर शेजारच्या सगळ्या पोरांचा हक्क असतो. गेल्या वर्षी तो ढीग आमच्या दारात होता.

संक्रांत झाली आणि मिस्त्री आले. स्वयंपाकघर आणि हॉल यांच्यामधली भिंत काढून मोकळं मोठं करायचं, अशी नवऱ्याची कल्पना होती. मिस्त्रींनी भिंतीवर बोटाने टकटक केलं, वर स्लॅबकडे पाहिलं आणि म्हणाले, "ताई, हे घर भिंतींवर उभंय, कॉलमवर नाही. ही काढली तर वरचं सगळं खाली येईल." विषय संपला. मग ओटा वाढवायचा, मोरीच्या जागी नीट बाथरूम करायचं, गिलावा जिथे पोकळ झालाय तिथे नवा करायचा आणि रंग द्यायचा, एवढं ठरलं.

थोरली पहिल्याच दिवशी मिस्त्रींच्या मागे लागली. तिला टेप हवी होती. टेप मिळाली आणि तिच्याबरोबर भाषाही मिळाली. एका इंचात आठ सूत असतात हे तिला शाळेआधी मिस्त्रींनी शिकवलं. संध्याकाळी दुधाचा पेला समोर आला तेव्हा ती म्हणाली, "आई, दोन सूत कमी कर." मी कमी केलं. इतक्या नेमक्या मागणीला नाही म्हणता येत नाही.

पण तिचं खरं प्रेम जडलं ते पाण्याच्या नळीवर. दोन खोल्यांत एकाच उंचीची खूण करायची असली की मिस्त्री एक लांब पारदर्शक नळी काढतात. तिच्यात पाणी भरतात, एक टोक एका भिंतीला, दुसरं पलीकडच्या खोलीत. मधे दार येवो, कोपरा येवो, नळी जमिनीवर कशीही लोळो, दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीवर थांबतं. नळीत हवेचा बुडबुडा मात्र राहायला नको. हल्ली लेझरची लाल रेघ मारणारी यंत्रं आली आहेत, आमच्या मिस्त्रींकडे तसं यंत्र नाही, आणि नाही तेच बरं. लेझरचं टोक धरायला सहा वर्षांची मुलगी लागत नाही. नळीचं टोक धरायला लागते. ती पलीकडच्या खोलीतून ओरडायची, "काका, थांबलं!" आणि काका इकडे पेन्सिलीने खूण करायचे.

धाकट्याला काम मिळालं ते गिलावा झाल्यावर. सिमेंट वाळून घट्ट होत नाही, पाण्याबरोबर त्याची रासायनिक क्रिया होऊन घट्ट होतं. ते पाणी लवकर उडून गेलं तर भिंतीला बारीक तडे जातात. म्हणून निदान आठवडाभर तरी भिंत ओली ठेवावी लागते. फेब्रुवारी संपता संपता नाशिकचं ऊन असं तापायला लागतं की सकाळी मारलेलं पाणी जेवणाच्या वेळेपर्यंत गायब. घरात भिंतीवर पाणी फेकल्याबद्दल शाबासकी मिळण्याचे हे एवढेच दिवस. पाण्याचा मग हातात घेऊन त्याने जे काम केलं ते पगारी माणसाने केलं नसतं. भिंतीचा खालचा भाग उत्तम पिकला. वरच्या भागाला आम्ही पाइप लावला.

त्याच धामधुमीत रंगपंचमी आली. नाशिकला धुळवडीला रंग नसतो, तो पंचमीला. आणि जुन्या गावात रहाडी असतात, पेशवेकाळापासूनच्या. चौकात जमिनीखाली दगडी हौद आहेत. वर्षभर ते फळ्या टाकून, माती घालून बुजवलेले असतात आणि लोक त्यांच्यावरून स्कूटर चालवतात. पंचमीला उघडतात, रंगाने भरतात, आणि माणसं त्यात धप्पकन उड्या मारतात. नवरा थोरलीला खांद्यावर घेऊन तिवंधा चौकात गेला. ती दोघं परत आली तेव्हा मी दारातच अडवलं आणि आधी अंगणातल्या नळाखाली उभं केलं. तेवढ्यात धाकटा बहिणीला भेटायला धावला, तिला मिठी मारून घरात शिरला, आणि नव्या गिलाव्याला दोन्ही हात लावून उभा राहिला. मिस्त्री म्हणाले, राहू द्या, वरून पुट्टी येणारच आहे.

पुट्टीच्या आधी जुना रंग खरवडायचा होता, आणि इथे मी अडून बसले. दारंखिडक्यांवर आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवर ऐंशीच्या दशकातला ऑइलपेंट होता, थरावर थर. पूर्वीच्या अशा रंगांत शिसं सर्रास असायचं. आपल्याकडे घरगुती रंगात शिसं दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नको, हा नियम लागू झाला तो १ नोव्हेंबर २०१७ पासून. म्हणजे परवा-परवाच. जुना रंग भिंतीवर गप्प बसलेला असतो तोवर ठीक. पॉलिशपेपरने कोरडा घासला की त्याची धूळ होते, धूळ खाली बसते, आणि खाली कोण राहतं ते सांगितलंच. रांगणारं, बोटं तोंडात घालणारं मूल ती धूळ थेट पोटात घेतं, आणि शिशाचा त्रास वाढत्या मेंदूला सगळ्यात जास्त होतो. रंगारी म्हणाला, "ताई, आम्ही आयुष्यभर हेच करतोय, काय झालं?" मी म्हटलं, तुम्हीही तोंडाला मास्क बांधा. मुलांना सिन्नरला माझ्या आईकडे पाठवलं, रंग ओला करून खरवडून घेतला, फरशी झाडूने न झाडता ओल्या फडक्याने पुसली. या एका बाबतीत घरातल्या कुणाचंही मी ऐकलं नाही, आणि पुढेही ऐकणार नाही.

रंग सुंदर झाला. मग पावसाळा आला.

हॉलच्या बाहेरच्या भिंतीवर, अगदी खाली, जुलैत एक डाग दिसला. आठवडाभरात तो वीतभर वर आला. मग नव्या रंगाचे पोपडे, आणि पोपड्यांखाली पांढरा लोणा. त्याच सुमारास गंगापूर धरणातून पाणी सोडलं आणि आम्ही सगळ्या नाशिकसारखे पूर बघायला गोदाघाटावर गेलो. इथे पुराची मोजणी क्युसेकमध्ये फक्त बातम्यांत होते. गावात विचारायचं ते एवढंच, गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठे लागलंय? गुडघ्याला, कमरेला की छातीला? आबांनी नातीला १९६९ आणि २००८ च्या पुराच्या गोष्टी सांगितल्या. घरी आल्यावर तिने भावाला त्या भिंतीला पाठ लावून उभं केलं आणि जाहीर केलं, "ओल याच्या गुडघ्याला लागली." पुढे महिनाभर ही मोजणी चालू होती. गणपतीपर्यंत ओल त्याच्या कमरेला पोचली.

उपाय सुचवणारे खूप. बहुतेकांचं मत होतं, तीन फुटांपर्यंत टाइल्स लावून टाका, दिसणार नाही. मिस्त्री आले, भिंतीकडे न बघता सरळ घराबाहेर गेले. जमिनीतलं पाणी विटांच्या बारीक छिद्रांतून वर चढतं आणि भिंतीच्या पृष्ठभागावरून उडून जातं, मागे क्षार राहतात, तोच लोणा. टाइल्स लावल्या तर त्याचा उडून जायचा रस्ता बंद होतो आणि ओल टाइल्सच्याही वर निघते. हे सगळं त्यांनी बाहेरून ओरडून सांगितलं, कारण ते तोवर जास्वंदीपाशी उकिडवे बसले होते. सासूबाईंनी वर्षानुवर्षं त्या भिंतीला लागून माती, शेणखत घालून जास्वंद, मोगरा, गवती चहा वाढवला होता. काम निघाल्यापासून त्यात आमच्या ढिगातली वाळू वाहून नेण्याचं काम धाकट्याने मन लावून केलं होतं. माती जोत्याच्याही वर आली होती. म्हणजे भिंत पावसाळाभर ओल्या मातीला टेकून उभी.

माती काढायची म्हणजे जास्वंद काढायची. सासूबाई दोन दिवस कुणाशी बोलल्या नाहीत. मिस्त्रींशी तर अजूनही जेमतेमच. शेवटी जास्वंद कंपाउंडच्या कडेला गेली, माती जोत्याखाली उतरली, भिंतीपासून बाहेरच्या बाजूला उतार देऊन कोबा केला. आतला गिलावा खरवडून तसाच उघडा ठेवलाय, भिंतीला उन्हाळाभर श्वास घेऊ दे म्हणून. पाहुणे विचारतात. आम्ही तिथे खुर्ची ठेवतो.

विजेचं काम त्यामानाने पटकन उरकलं. हल्ली प्लग जमिनीपासून फूटभरावर घ्यायची फॅशन आहे. आम्ही सगळे वरच ठेवले, आणि ३० मिलिअँपिअरची गळती होताच वीज तोडणारा ब्रेकर बसवून घेतला.

आता राहिलंय ते बाथरूम, आणि त्याला तारीख आहे. २०२७ मध्ये सिंहस्थ आहे. नाशिककरांना कुंभमेळा रस्त्यांच्या खोदकामाआधी नातेवाइकांच्या फोनवरून कळतो. पारोळ्याच्या आत्याबाईंनी आत्ताच कळवून ठेवलंय की त्या शाही स्नानाला येणार, सोबत किती जण ते नंतर सांगतील. त्यांची एकच चौकशी होती: गुडघे दुखतात, तर कमोड बसवला का? फोन थोरलीने उचलला होता.

"बसवला," ती म्हणाली, "पण चार इंच सहा सूत उंच झालाय. माझे पाय टेकत नाहीत. तुमचे टेकतात का ते मोजून सांगा, मग मी मिस्त्रीकाकांना सांगते."

आत्याबाईंनी मोजायला टेप शोधायला घेतली आहे, असा परवा त्यांचा निरोप होता.