सात रस्ता आणि चौथा घात

जर्मनीतलं कार्ल्सरूह शहर 1715 साली वसवलं ते राजवाडा मधोमध ठेवून. तिथून 32 रस्ते चहूकडे फुटतात, त्यातले शहराकडचे पंख्यासारखे पसरतात. मी इथे गर्दीच्या वेळेच्या वाहतुकीची मॉडेलं करतो. सोलापूरच्या मित्राला हे सांगितलं, तर म्हणाला, "म्हणजे सिग्नल लावलालास का बे तिथं?"

सिग्नल शेवटी येतात. आधी अख्खं शहर बिंदू आणि रेषांत मांडायचं. चौक म्हणजे बिंदू, रस्ता म्हणजे रेषा, आणि प्रत्येक रेषेला तिची क्षमता. रस्ता भरला की वेळ किती वाढेल, यासाठी 1964 चं एक अमेरिकी सूत्र अजून सर्रास वापरतात. त्यात गाड्या आणि क्षमता यांच्या गुणोत्तराचा चौथा घात आहे. रस्ता क्षमतेइतका भरला तरी वेळ 15 टक्केच वाढतो. क्षमतेच्या दीडपट गाड्या आल्या की 76 टक्के, आणि दुप्पट आल्या की मोकळ्या रस्त्याच्या 3.4 पट! सोलापूरच्या सात रस्ता चौकात पाच मिनिटं उशिरा पोचलेला एवढा का रखडतो, ते यात आलं.

मग कोण कुठून जाईल? 1952 साली वॉर्ड्रॉप या इंग्रज वाहतूक-अभ्यासकाने मांडलं की जो तो आपल्यापुरती जलद वाट धरतो आणि वाट बदलून कुणाचाच फायदा उरत नाही, तिथे गर्दी स्थिरावते. नवी पेठेत तुंबलं की बोळात गाडी घालणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही. थोड्या वेळात बोळही तुंबतो. ब्रेस या जर्मन गणितज्ञाने तर 1968 मध्ये दाखवलं की नवा रस्ता जोडल्यावर कधीकधी सगळ्यांचाच वेळ वाढतो. उड्डाणपुलाच्या चर्चेत हे कुणाला ऐकायचं नसतं.

खरी अडचण पुढेच आहे. कार्ल्सरूहच्याच वीडेमान या संशोधकाचं 1974 चं मॉडेल चालक पुढच्या गाडीपासून किती अंतर ठेवतो यावर उभं आहे. आपल्याकडे पुढची गाडी कुठली म्हणायची? दोन रिक्षांच्या फटीत दुचाकी, शेजारी उसाचा ट्रॅक्टर. भारतातल्या रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या 1990 च्या निकषांत, कुठलं वाहन किती कारच्या बरोबरीचं या हिशेबात, कार 1 धरली तर दुचाकी अर्धी-पाऊण आणि ट्रॅक्टर-ट्रॉली 4 ते 5. पण फटीत शिरलेली दुचाकी जागाच व्यापत नाही, आणि आडवी आली की चौक अडवते. शिवाय सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत नंदीध्वजांची मिरवणूक निघाली की मॉडेलमधल्या काही रेषा पुसूनच टाकायच्या.

सोलापूरचं मॉडेल करायला मिळालं, तर मी मोजणीची माणसं आधी बोळांच्या तोंडाशी बसवीन. मुख्य रस्त्यांचं नंतर बघू.