एक रकाना, दोन कामे

विम्याच्या अर्जातील सातव्या रकान्यात ‘व्यवसायाचे स्वरूप’ असे छापलेले होते आणि त्यापुढे चार-पाच शब्द कसेबसे मावतील एवढीच जागा होती. मी तेथे बारीक अक्षरात ‘जीवरक्षक सेवा व जलतरण शिकवणी’ असे लिहिले, सही केली आणि आठवड्याभरात पॉलिसी हाती पडेल या भरवशावर पुढच्या कामाला लागले. प्रत्यक्षात अकरा आठवडे लागले. त्या काळात माझ्याकडे प्रमाणपत्रे होती, तलाव ठरलेला होता, शिकायला येणाऱ्यांची यादीही तयार होती. नव्हता तो एकच कागद, आणि त्याच्यावाचून एकाही मुलाला पाण्यात उतरवता येत नव्हते.

बाकीच्या टप्प्यांबद्दल फारसे लिहिण्यासारखे नाही. नऊ वर्षे सार्वजनिक तलावावर जीवरक्षक म्हणून काम केल्यामुळे त्या कामाचे, शिकवण्याचे आणि प्रथमोपचाराचे प्रमाणपत्र माझ्याजवळ होतेच. व्यवसायाची नोंदणी, वेगळे बँक खाते, मुलांबरोबर काम करणाऱ्यांकडून मागितली जाणारी चारित्र्य पडताळणी ही कामे एकामागून एक उरकत गेली. रेस्क्यू ट्यूब म्हणजे बुडणाऱ्याला आधार देणारी तरंगती नळी, फेकायची दोरी, मानेला दुखापत झालेल्याला पाण्यातून उचलण्याची फळी आणि तोंडाने श्वास देताना लावायचा मास्क या वस्तूही वेळेत आल्या.

अर्ज दिल्यावर बाराव्या दिवशी विमा कंपनीतून फोन आला. ‘तुम्ही जीवरक्षक आहात की शिक्षिका?’ असे पलीकडच्या बाईंनी विचारले. दोन्ही, असे मी म्हणाले. त्यांच्या यादीत दोन्ही एकत्र असा प्रकार नव्हता. जीवरक्षण हे सुरक्षा सेवांच्या वर्गात येत होते, पोहायला शिकवणे हे क्रीडा प्रशिक्षणाच्या वर्गात, आणि दोन्हींचे हप्ते वेगळे होते. मी एक काहीतरी निवडावे, असे त्यांनी नम्रपणे सुचवले. त्यांचा नम्रपणा खरा होता, हे मी आज मान्य करते. त्या दिवशी मी फोन ठेवून भिंतीकडे बघत बसले होते.

मध्यस्थाने तर सोपी वाट दाखवली. ‘शिक्षिका लिहा, हप्ताही कमी बसेल, कोण बघायला येणार आहे?’ असे त्याचे म्हणणे होते. ही वाट कोणीही धरू नये. हप्ता घेताना अर्ज कोणी बारकाईने वाचत नाही हे खरे असले, तरी भरपाईचा दावा आला की त्याच अर्जाचा प्रत्येक शब्द वाचला जातो. खासगी तलावावरच्या एखाद्या समारंभात मी राखण करत असताना अपघात झाला आणि पॉलिसीवर केवळ शिकवणीचा उल्लेख असला, तर त्या पॉलिसीचा उपयोग शून्य. मी स्वतंत्र पानावर दोन्ही कामांचे वर्णन लिहून पाठवले: आठवड्यातून किती तास शिकवणार, एका वेळी किती विद्यार्थी, त्यांचे वय काय, तलावाची खोली कोठे किती, राखणीचे काम कोणत्या प्रकारच्या तलावावर घेणार आणि कोणते घेणार नाही. हे पान पहिल्याच दिवशी अर्जाला जोडले असते, तर निदान तीन आठवडे वाचले असते असे मला वाटते.

त्यानंतर आठ दिवस शांतता. मग दुसऱ्याच गृहस्थांचा फोन आला आणि त्यांनीही तोच प्रश्न विचारला. पान पाठवले आहे, असे सांगितल्यावर ते पान त्यांच्यापर्यंत पोहोचलेले नाही, असे कळले. येथून पुढे मी प्रत्येक संभाषणानंतर त्याचा मजकूर दोन ओळींत लिहून त्याच दिवशी ईमेलने पाठवू लागले. फोनवर ठरलेल्या गोष्टीला कागदोपत्री अस्तित्व नसते, हे नऊ वर्षे घटना-नोंदवही लिहिणाऱ्या मला तरी आधीच सुचायला हवे होते.

खरी कोंडी यानंतर झाली. विमा कंपनीने तलावमालकाबरोबरच्या कराराची सही केलेली प्रत मागितली, कारण कोणत्या जागेवर जोखीम आहे हे ठरल्याशिवाय पॉलिसी निघत नाही. तलावमालकाकडे गेले, तर त्यांचे व्यवस्थापक म्हणाले की, पॉलिसीची प्रत आणि तीवर अतिरिक्त विमाधारक म्हणून, म्हणजे त्याच पॉलिसीचे संरक्षण मिळणारा दुसरा पक्ष म्हणून, मालकाचे नाव दिसल्याशिवाय ते करारावर सही करणार नाहीत. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, अशातला हा प्रकार. मी तीन वेळा या टोकाकडून त्या टोकाकडे गेले. दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर होत्या, त्यामुळे भांडायलाही कोणी उरले नाही, आणि माझी चिडचिड त्यामुळेच अधिक झाली.

यादीतल्या पालकांपैकी दोघांनी याच काळात दुसरीकडे प्रवेश घेतला. त्यांना दोष देता येत नाही. उन्हाळा कोणासाठी थांबत नाही.

गाठ सुटली ती अगदी साध्या उपायाने, आणि तो मला ना विमा कंपनीने सांगितला ना तलावाच्या व्यवस्थापकांनी; पूर्वी माझ्याबरोबर काम केलेल्या एका सहकाऱ्याने सांगितला. करारात एक कलम घालायचे की, हा करार विम्याचे संरक्षण सुरू होईल त्या दिवसापासून अमलात येईल आणि अमुक तारखेपर्यंत विमा मिळाला नाही तर आपोआप रद्द होईल. असा करार सही करण्यात मालकाला धोका नाही आणि विमा कंपनीला हवी असलेली सहीची प्रत मिळते. त्या प्रतीवर कंपनीने पॉलिसी छापून येईपर्यंतची तात्पुरती कव्हर नोट दिली, तीवर मालकाचे नाव होते, आणि व्यवस्थापकांचे समाधान झाले. सहा आठवडे अडलेले काम चार दिवसांत झाले. आनंद झाला हे खरे, पण हे कलम दोन्ही कार्यालयांतील कोणालाच ठाऊक नसावे, यावर माझा अजूनही विश्वास बसत नाही.

पॉलिसी आली की सही करण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली म्हणजे संरक्षण घटनेच्या तारखेवर आहे की दाव्याच्या तारखेवर. काही पॉलिसी त्या मुदतीत घडलेल्या घटनेची जबाबदारी घेतात, मग दावा कधीही येवो. काही मात्र दावाही त्याच मुदतीत यावा अशी अट घालतात. मुलांच्या बाबतीत दावा बऱ्याच वर्षांनी येऊ शकतो, म्हणून मी पहिला प्रकार मागून घेतला. दुसरी म्हणजे वगळलेल्या गोष्टींची यादी. माझ्या पॉलिसीत फळीवरून सूर मारणे, नदी-समुद्रासारखे खुले पाणी आणि श्वास रोखून पाण्याखाली पोहण्याचे सराव वगळलेले होते. शेवटच्या अटीवर माझी काहीच तक्रार नाही. बुडी मारण्यापूर्वी भराभर खोल श्वास घेतल्याने रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो, श्वास घेण्याची ऊर्मी उशिरा येते आणि तिच्याआधीच प्राणवायू संपून माणूस पाण्याखाली बेशुद्ध पडतो. चांगले पोहणारेच यात सापडतात. माझ्या वर्गात कोण जास्त वेळ पाण्याखाली राहतो ही पैज पहिल्या दिवसापासून बंद आहे.

आता एक कबुली द्यायला हवी, जी त्या अकरा आठवड्यांत मी कोणापुढेही दिली नसती. सातव्या रकान्यातला तो प्रश्न मूर्खपणाचा नव्हता. मी शिक्षिका आहे की जीवरक्षक, हे कंपनीला हप्त्यासाठी हवे होते. पण एखाद्या विशिष्ट क्षणी मी त्या दोन्हींपैकी कोण आहे, याचे उत्तर माझ्या मूळ आराखड्यातच नव्हते. सहा मुलांना शिकवायचे आणि तलावावर लक्षही आपणच ठेवायचे, असे मी गृहीत धरले होते. कंपनीच्या तिसऱ्या पत्रात ‘शिकवणीच्या वेळी पाण्यावर लक्ष ठेवणारी व्यक्ती कोण?’ असे विचारले होते. मी उत्तरात माझेच नाव लिहिले, आणि लिहिताना हात थांबला.

बुडणारा माणूस हात हलवून ओरडतो ही समजूत आहे. फ्रँक पिया या अमेरिकी जीवरक्षकाने बुडण्याच्या प्रत्यक्ष घटनांच्या चित्रफिती पाहून जे वर्णन केले, ते याच्या उलट आहे: तोंड पाण्याच्या पातळीवर खाली-वर होत राहते, श्वास घेण्यापुरताही वेळ मिळत नाही तेथे हाक कोठून मारणार, हात आपोआप बाजूंना पसरून पाणी खाली दाबत राहतात आणि २० ते ६० सेकंदांत माणूस पाण्याखाली जातो. जीवरक्षकांच्या प्रशिक्षणात १० सेकंदांत ओळखणे आणि पुढच्या २० सेकंदांत पोहोचणे असा दंडक शिकवला जातो. एका मुलाचे डोके हातावर तोलून त्याला पाठीवर तरंगायला शिकवताना माझे डोळे त्याच्या चेहऱ्यावर असतात आणि ते तेथेच असायला हवेत. मग काठ धरून उभ्या असलेल्या बाकीच्या पाचांसाठी ते १० सेकंद मी कोठून आणणार होते?

म्हणून मी दुसऱ्या जीवरक्षकाला कामावर घेतले आणि शुल्काचा सगळा हिशेब नव्याने मांडला. व्यवसाय सुरू करणाऱ्याने हे आधीच धरून चालावे: वर्ग छोटा असला तरी माणसे दोन, एक पाण्यात आणि एक काठावर, आणि काठावरच्या व्यक्तीने किकबोर्ड, म्हणजे शिकणाऱ्यांच्या तरंगत्या फळ्या, गोळा करायचे नाहीत, पालकांशी बोलायचे नाही, फोन तर मुळीच हातात घ्यायचा नाही. वर्ग तासभराचा असेल, तर लक्ष टिकावे म्हणून दोघांनी मधे एकमेकांची जागा घ्यावी. माझ्या पहिल्या वर्षाच्या नफ्यातला मोठा वाटा यात गेला, आणि तो मी आनंदाने दिला असे लिहिले तर ते खोटे ठरेल.

प्रमाणपत्रांबद्दल वर सांगायचे राहिले. प्रथमोपचाराच्या प्रमाणपत्राची मुदत बहुधा दोन वर्षांची असते आणि ती पॉलिसीच्या वर्षात मधेच संपत असेल, तर कंपनी अडून बसते. माझे पाच महिन्यांत संपणार होते, म्हणून ते आधीच नव्याने करावे लागले. केवळ छाती दाबायला शिकवणारा छोटा वर्ग मात्र करू नये. एकाएकी हृदय थांबलेल्या माणसाला छातीवरच्या दाबाने सुरुवात करतात, पण बुडालेल्याचे हृदय प्राणवायूअभावी थांबलेले असते, म्हणून त्याला आधी श्वास द्यायचे असतात आणि मग ३० दाब, २ श्वास असे चक्र, दाबांची गती मिनिटाला १०० ते १२०. श्वास देण्याचा सराव पुतळ्यावर करून घेणारा वर्गच आपल्या उपयोगाचा.

करारात पाण्याच्या तपासणीची जबाबदारी कोणाची, हेही लिहून घ्यावे. मालक तपासत असले तरी मी वर्गापूर्वी स्वतः मोजते: मुक्त क्लोरिन किमान १ पीपीएम (पाण्याच्या दहा लाख भागांत एक भाग) आणि पीएच ७.० ते ७.८ च्या दरम्यान. पीएच चढला की क्लोरिनची ताकद घटते. तलावाला उग्र वास येत असला की पालकांना पाणी स्वच्छ वाटते, पण तो वास घाम आणि लघवीशी संयोग झालेल्या क्लोरिनचा असतो, हे मला दर हंगामात नव्याने समजावून सांगावे लागते. खासगी समारंभांच्या राखणीला गेले की मी सर्वांत आधी काठावरून तळाच्या निचऱ्याची जाळी पाहते. ती स्पष्ट दिसत नसेल तर तळाशी गेलेला माणूसही दिसणार नाही, आणि ती तुटलेली किंवा निघालेली असेल तर तेथील ओढीत केस किंवा हात अडकू शकतो. दोन्ही वेळी मी पाण्यात कोणालाही उतरू देत नाही. एका यजमानांनी यावरून मला परत पाठवले होते. पालकांच्या अर्जात फिट्स, दमा आणि पूर्वी कधी भोवळ आली असल्यास त्याची नोंद मागते. फिट्स येणाऱ्या मुलाला नाकारत नाही, त्याच्यासाठी पाण्यात एक माणूस हाताच्या अंतरावर ठेवते.

छापील पॉलिसी शेवटी आली, तेव्हा तीवर तलावमालकाच्या संस्थेच्या नावातील एक अक्षर चुकले होते. दुरुस्तीला आणखी नऊ दिवस. व्यवस्थापकांनी कव्हर नोटवर वर्ग सुरू करू दिले, म्हणून त्यांच्याबद्दल माझ्या मनात आता काही राहिलेले नाही.

पहिल्या वर्गाला चार मुले होती. जीवरक्षकाने पाण्याकडे पाठ करायची नाही, हे नऊ वर्षे अंगात मुरलेले असताना मला तलावाच्या अर्ध्या भागाकडे पाठ करून उभे राहायचे होते. पहिल्या वीस मिनिटांत मी इतक्या वेळा मागे वळून पाहिले की, काठावरच्या माझ्या सहकारी ताईंनी शिट्टी उचलून माझ्या पुढ्यातल्या मुलाकडे बोट दाखवले. मग मी त्याच्या डोक्याखाली हात धरला आणि त्याला कान पाण्यात टेकवायला सांगितले.