माणसाचं किट माकडाला का चालत नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. तुम्ही, म्हणजे दाता आणि रुग्ण जुळतात का ते तपासणाऱ्या मुंबईच्या एचएलए लॅबमधले माझे जुने सहकारी, फोनवर हटकून विचारता, ‘ऱ्हीसस माकडाचा डीएनए आपल्याशी ९३ टक्के जुळतो म्हणे, मग टिश्यू टायपिंगला वेगळी पद्धत कशाला?’

९३ टक्के ही अख्ख्या जीनोमची सरासरी. टिश्यू टायपिंगमध्ये आपण तपासतो तो, आपलं-परकं ओळखायला लावणाऱ्या जनुकांचा, त्यातला सगळ्यात चंचल भाग. जंतूंशी झुंजता झुंजता तो प्रत्येक प्रजातीत आपापल्या वाटेनं गेला. माणसाच्या एका गुणसूत्रावर या भागातली ए, बी, सी ही जनुकं एकेकच असतात. ऱ्हीससमध्ये सी नाहीच. बीच्या प्रती मात्र एकेका गुणसूत्रावर डझनाच्या वर निघतात, त्यातल्या काही जोमानं काम करतात, काही नावापुरत्या. तुमच्या टायपिंग किटचे प्रायमर, म्हणजे हवं ते जनुक पकडणारे डीएनएचे छोटे तुकडे, माणसाचा सिक्वेन्स बघून बेतलेले. माकडाच्या डीएनएवर लावले तर एक तर बँड, म्हणजे जनुक सापडल्याची पट्टी, येत नाही, नाहीतर येतो आणि तो कुठल्या प्रतीचा हे कळत नाही. मला भीती दुसऱ्या प्रकाराची. बँड दिसला की माणूस निर्धास्त होतो.

पद्धत मात्र उचलता येते. तेरासाकींची अँटिबॉडी तपासायची १९६४ सालची ट्रे आठवा. तेलाखाली अँटिबॉडी असलेलं मायक्रोलिटरभर सीरम, त्यात लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी, मग सशाचं काँप्लिमेंट, म्हणजे अँटिबॉडी चिकटलेल्या पेशी मारणारी रक्तातली प्रथिनं, शेवटी इओसिन हा रंग. मेलेल्या पेशी रंग पिऊन फुगतात, जिवंत चकाकत राहतात. माकडाच्या पेशीही अगदी तशाच वागतात. फक्त काँप्लिमेंटचा प्रत्येक लॉट आधी त्यांच्यावर तपासून घ्यायचा, नाहीतर नुसत्या त्यानंच पेशी मरतात आणि सगळी ट्रे पॉझिटिव्ह दिसते.

अडतं ते सीरमपाशी. माणसांत तीन-चार बाळंतपणं झालेल्या बायकांच्या रक्तात हव्या त्या अँटिबॉडी आयत्या मिळतात. माकडांसाठी त्या मुद्दाम घडवाव्या लागल्या. नेदरलँड्समध्ये रायस्वाइकला बाल्नर यांच्या गटानं एका माकडाची कातडी दुसऱ्याला लावून, पांढऱ्या पेशी टोचून अशी सीरम तयार केली. आता बहुतेक काम सिक्वेन्सिंगवर गेलंय. जनुकाचा छोटा तुकडा हजारो वेळा वाचायचा आणि आईबापांकडून पिल्लाकडे कोणते प्रकार एकत्र जातात ते पाहून हॅप्लोटाइप, म्हणजे एका गुणसूत्रावरचे जनुकसंच, बांधायचे.

आणि हो, हॉस्पिटलमध्ये आपण जुळणारा दाता शोधायचो. इथं माकडांवरच्या ट्रान्सप्लांट प्रयोगांत बहुतेक वेळा न जुळणारी जोडी हवी असते! नकळत जुळलेली जोडी प्रयोगात शिरली तर किडनी आपसूक बरी चालते आणि श्रेय औषधाला जातं. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये कवाई आणि कोसिमी यांनी न जुळणाऱ्या सायनोमोल्गस माकडांत किडनीबरोबर दात्याचा बोन मॅरो दिला. पुढे प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं थांबवूनही काहींची किडनी टिकली, आणि २००८ साली रुग्णांतले निकालही छापून आले. पण या सगळ्याला अर्थ आला तो जोडी खरंच न जुळणारी होती म्हणून.

मॉरिशस म्हटलं की तुम्हाला तिथली मराठी मंडळी आठवतील, मला माकडं आठवतात. सुमारे चारशे वर्षांपूर्वी जहाजांवरून थोडीशीच माकडं त्या बेटावर उतरली, म्हणून आज तिथल्या सायनोमोल्गसमध्ये मुख्य हॅप्लोटाइप अवघे सात. पूर्ण जुळणारी, अर्धी जुळणारी, अजिबात न जुळणारी, मागाल ती जोडी मिळते. भारतीय वंशाच्या ऱ्हीससमध्ये अशी चैन नाही.

ट्रान्सप्लांटनंतरच्या अँटिबॉडी मोजायला तुमचे ल्युमिनेक्स बीड्स, म्हणजे अँटिजेन चिकटवलेले बारीक मणी, तेही उपयोगाचे नाहीत. त्यांच्यावर माणसाचे अँटिजेन, त्यामुळे निकालावर भरवसा ठेवता येत नाही. म्हणून दात्याच्या लिम्फोसाइट आधीच लिक्विड नायट्रोजनमध्ये साठवायच्या आणि पुढे कधी रिजेक्शनची, म्हणजे शरीर अवयव नाकारतंय अशी, शंका आली की त्यांच्यावरच फ्लो क्रॉसमॅच करायचा, म्हणजे त्या पेशींना अँटिबॉडी चिकटतात का ते पाहायचं. एका दात्यामागे किती कुप्या ठेवायच्या यावरून आमच्याकडे दर वेळी वाद होतो. मी कायम जास्तीच्या बाजूनं असते, आणि टाकीत जागा नाही हे कायम मलाच ऐकवलं जातं.