जोर ‘नॉ’वर

दुपारपासून एकच अक्षर डोक्यात घोळतंय. नॉ.

पहिल्या वर्षाच्या मुलींना बीपी घ्यायला शिकवत होते. कफ, म्हणजे हवा भरायचा पट्टा, दंडावर गुंडाळला, यंत्राचं पूर्ण नाव सांगितलं. स्फिग्मोमॅनोमीटर. मागून एकजण हळूच म्हणाली, “मॅडम, स्फिग्मोमनॉमिटर ना? जोर नॉवर असतो.” मी “बरोबर” म्हटलं आणि फुगा दाबायला घेतला. पोरगी उद्धट मुळीच नव्हती. तरी घरी येईपर्यंत घसा दाटलेला. एकोणीस वर्षं, इतक्या बॅचेसपुढे मी तो शब्द... आणि कुणी बोललं नाही. मराठी शाळेतून आलेलीला कोण कधी सांगणार होतं? जाऊ दे, तो विषय नको.

रात्री शब्दकोश काढला. उच्चाराचे सहा तुकडे: स्फिग्-मो-म-नॉ-मि-टर. सगळा भार चौथ्यावर, म्हणून ‘मॅ’चा ‘म’ होतो. थर्मॉमिटर, बॅरॉमिटरचाही साचा हाच. सेंटिमीटर, मिलिमीटरमध्ये मात्र जोर पहिल्याच अक्षरावर. आपल्याला लघु-गुरू कळतं, पण जोर इकडचा तिकडे गेला म्हणून मराठी शब्द काही चुकत नाही. माझ्या कानाला ही सवय लागणार कुठून?

मग शब्दाच्या ग्रीक मुळाशी गेले. स्फिग्मोस म्हणजे नाडीचा ठोका, मानोस म्हणजे विरळ, मेट्रॉन म्हणजे माप. नावात नाडी आहे, कारण 1881 साली ऑस्ट्रियाचे डॉक्टर फॉन बाश यांनी आपलं यंत्र केलं तेव्हा बोटांनी नाडीच चाचपायची होती. दंडाला बांधायचा कफ इटलीचे डॉक्टर रिव्हा-रोची यांनी 1896 मध्ये आणला, ठोके कानांनी ऐकायचे हे रशियाचे डॉक्टर कोरोत्कॉफ यांनी 1905 मध्ये दाखवलं. प्राचीन ग्रीक लोक तो ‘फ’ आपल्या फळातल्या ‘फ’सारखाच उच्चारायचे, आणि स्फिग्मोस म्हणताना त्यांचा सूर शेवटच्या ‘मोस’वर चढायचा. म्हणजे इंग्रजांनीही शब्द आपल्या जिभेला बसेल तसा वळवून घेतला. आणि मेट्रॉन तर आपल्या मात्रेचं भावंड! औषधाच्या मात्रा मी रोज लिहिते. इथे जरा बरं वाटलं.

पण ते “बरोबर” सलतंच आहे. किती कोरडं म्हटलं मी. तिने मान खाली घातली होती. तेव्हा पाहिलं, आणि तरी फुगाच दाबत राहिले. शाबास म्हणायला काय झालं होतं? उद्या तिलाच पुढे बोलवायचं, यंत्राचं नाव सगळ्यांना तिनेच सांगायचं.

झोपण्याआधी आईंचं बीपी घेतलं, माझ्या जुन्या पाऱ्याच्या यंत्रावर. पारा हळूहळू उतरत होता, मी मनात म-नॉ, म-नॉ. 138 ला पहिला ठोका, 84 ला सगळं शांत. स्टेथो कानातून काढला.

“काय गं पुटपुटतेस मघापासून?”

“यंत्राचं नाव, आई. नीट म्हणून बघतेय.”

“बीपीचं मशीन ना ते?” म्हणाल्या, आणि बाही खाली ओढली.