आमची वाटचाल : हात कमी, अंतर तेवढंच

नागपूरहून रायपूरकडे जाताना भंडारा मागे पडलं की दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या सुरू होतात. पुढे लाखनी-साकोलीच्या पट्ट्यात थोड्या थोड्या अंतरावर एखादा तलाव नाहीतर बोडी, म्हणजे लहान तळं, दिसते. यातल्याच एका गावात आम्ही तिघं ट्रायथलॉन, म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं अशी सलग शर्यत, करणाऱ्यांना पोहणं शिकवतो. खरं तर येत असलेलं पोहणं दुरुस्त करून देतो. आमच्याकडे येणारा माणूस बहुधा पस्तिशी ते पन्नाशीतला असतो. डॉक्टर, इंजिनिअर, बँकेतले साहेब. ९० किलोमीटर सायकल चालवून वर २१ किलोमीटर धावायची त्याची तयारी असते, पण पोहण्याच्या तलावात दोन फेऱ्या झाल्या की कठडा धरून धापा टाकत उभा राहतो.

आम्ही तिघं म्हणजे मी, माझे मिस्टर आणि गावच्या मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजातला एक तरुण, ज्याला सगळे भाऊ म्हणतात. मी मूळची अमरावतीची. बी.पी.एड. तिथल्याच श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात केलं. वैद्य बंधूंनी १९१४ साली सुरू केलेली ही संस्था. तिचं पथक १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी जाऊन देशी खेळांची प्रात्यक्षिकं करून आलं होतं, हे आम्हा विद्यार्थ्यांच्या कानावर सारखं पडायचं. लग्न होऊन इकडे आले तेव्हा सासरे म्हणाले, "इथं पोहणं शिकाले कोण येईल? इथली पोरं त पाण्यातच वाढतात." त्यांचं खरंच होतं. म्हणून काही वर्षं मी शनिवार-रविवार नागपूरला जाऊन एका तलावावर मोठ्या माणसांच्या बॅचा घ्यायची. एसटीचं भाडं वजा जाता हातात फारसं उरायचं नाही, पण मोठी माणसं पाण्यात नेमकी कुठे अडतात हे तिथे कळलं. मुलांना शिकवणं त्या मानाने सोपं, त्यांना अजून अब्रू नसते.

ऑक्टोबर २०१९ मध्ये गोव्याला मिरामारच्या किनाऱ्यावर आयर्नमॅन ७०.३ ही ट्रायथलॉन शर्यत पहिल्यांदा झाली आणि माझ्या बॅचमधली चर्चाच बदलली. ७०.३ म्हणजे मैल, आपल्या भाषेत ११३ किलोमीटर : १.९ पोहणं, ९० सायकल, २१.१ धावणं. पोहण्याला ७० मिनिटांचा कटऑफ असतो, त्यात बाहेर आला नाहीत तर सायकलला हात लावू देत नाहीत. युरोपातल्या थंड पाण्यात लोक रबरी वेटसूट घालतात, त्याने पाय आपोआप वर राहतात. गोव्याचं पाणी कोमट, तिथे वेटसूट चालत नाही. ज्याचे पाय बुडतात त्याचे बुडणारच. समुद्राचं पाणी खारं असल्यामुळे अंग थोडं वर राहतं, एवढीच काय ती सवलत.

मग २०२० चा मार्च आला. सगळे जलतरण तलाव बंद झाले आणि हौशी लोकांसाठी ते बरेच महिने बंदच राहिले. सायकल रस्त्यावर चालवता येते, धावणं गच्चीवरही होतं, पोहणार कुठे? पावसाळा उतरल्यावर दोघं जण नागपूरहून गाडी घेऊन थेट आमच्या गावच्या तलावावर आले. धंदा असा सुरू झाला, ठरवून नव्हे.

तलाव माजी मालगुजारी, म्हणजे जुन्या मालगुजारांच्या (जमीनदारांच्या) काळातला, आपला मामा तलाव. मासेमारीचा ठेका गावच्या मच्छिमार सहकारी संस्थेकडे. त्यांच्या संमतीशिवाय पाण्यात पाय घालायचा नाही हे मिस्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. संस्थेशी करार झाला : वर्षाची ठरलेली रक्कम, जाळी लावलेल्या दिवशी आम्ही नाही, शिंगाड्याच्या वेलांकडे कधीच नाही, आणि प्रत्येक सत्राला त्यांचा एक माणूस डोंग्यासह, त्याची मजुरी आमची. जोराचा पाऊस झाला की दोन-तीन दिवस पाण्यात उतरायचं नाही, सगळ्या गावाची वाहवण तलावात येते. शेततळ्यात मात्र कुणालाही कधीच शिकवायचं नाही, कितीही पैसे दिले तरी. शेततळ्याचा प्लॅस्टिकचा उतार इतका घसरडा असतो की पट्टीच्या पोहणाऱ्यालाही काठावर चढता येत नाही. विदर्भात आता शेततळी गावोगावी झाली आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

आता मुख्य कामाकडे वळते, कारण चौकशीचा फोन येतो तो याच प्रश्नाने : "मॅडम, दोन दिवसांत किती किलोमीटर पोहवून घ्याल?" उत्तर असतं, पहिल्या दिवशी जवळजवळ शून्य.

पहिल्या सत्रात आमच्या शेतातल्या टाकीत भिंतीला पाय लावून सुटायचं, हात पुढे, तोंड पाण्यात, आणि काहीही न हलवता जाता येईल तितकं जायचं. सायकलवाल्यांचे पाय काही सेकंदांतच खाली जातात. छातीत हवा म्हणून ती तरंगते, आणि वजन सगळं कमरेखाली, मांड्यांत. शरीर म्हणजे फुप्फुसांवर टेकलेला तराजूचा दांडा समजा. डोकं वर उचललं की पायांकडचं पारडं खाली गेलंच. मग माणूस पाण्यात तिरका होतो आणि स्वतःच स्वतःला अडवतो. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट दाट आहे, आणि वेग दुप्पट करायला गेलात तर विरोध जवळपास चौपट होतो. सायकलवर जोर लावला की निकाल दिसतो, इथे नुसता फेस दिसतो. भाऊने एका मॅरेथॉनवाल्याला बघून पाळीवरून, म्हणजे तलावाच्या बांधावरून, म्हटलं होतं, "एवढे हात मारून राहिले, अन् जागा तेच हाय ना जी!"

दम लागण्याचं कारणही बहुतेकांना उलटं वाटतं. तोंड पाण्यात असताना ते श्वास रोखून धरतात आणि वर आल्यावर त्या अर्ध्या क्षणात सोडायचा पण आणि घ्यायचा पण बघतात. आतला कार्बन डायऑक्साइड साचत जातो, छाती आवळते, माणूस घाबरतो आणि डोकं अजून वर काढतो. त्यावर आमचा उपाय फुकटचा आहे : पाण्यात गुणगुणायचं. गुणगुणताना श्वास रोखता येत नाही. एक हाडांचे डॉक्टर गणपतीची आरती म्हणायचे. तिसऱ्या कडव्याला पोहोचेपर्यंत खांदे सैल झालेले असायचे.

धावणाऱ्यांचे घोटे हा वेगळाच विषय. वर्षानुवर्षं धावून घोटा ताठ झालेला, पाऊल मागे ताणलं जात नाही, त्यामुळे पाय मारला की पाणी मागे जाण्याऐवजी पुढे ढकललं जातं. फळी धरून नुसते पाय मारायला सांगितलं तर काही जण जागचे हलत नाहीत, आणि एक साहेब चक्क मागे गेले. हसू आवरून आम्ही त्यांना रोज वज्रासनात बसायला सांगितलं. पण किक सुधारायची ती पाय वर राहण्यापुरती. दर हाताला एक, एवढे पाय पुरे. मांड्या पुढच्या ९० किलोमीटरसाठी शिल्लक राहिल्या पाहिजेत.

हाताचं काम सगळ्यात शेवटी. बहुतेक जण सरळ हाताने पाणी खाली दाबतात, त्याने छाती वर येते आणि पाय पुन्हा बुडतात. कोपर वर ठेवून पंजापासून कोपरापर्यंतचा भाग मागे ढकलायला लागला पाहिजे. हे समजावं म्हणून मुठी आवळून पोहायला लावतो. पंजा गेला की कोपराखालच्या हाताची आठवण होते. मग मूठ उघडली की पाणी हाताला लागतं, आणि तो चेहरा बघण्यासारखा असतो.

आम्ही हिशोब ठेवतो तो हातांचा. २५ मीटरच्या फेरीला २८ हात मारणारा माणूस १.९ किलोमीटरच्या ७६ फेऱ्यांना २,१२८ हात मारतो. तोच २१ वर आला तर १,५९६. हे वाचलेले पाचशेहून जास्त हात त्याला सायकलवर बसल्यावर उपयोगी पडतात.

यात एक भांडण आहे आणि आमच्याकडे वाचून येणारे ते सोबत आणतात. अमेरिकेतले टेरी लॉफलिन यांनी १९८९ पासून टोटल इमर्शन नावाने आधी तोल, मग लांब सरकणं अशी शिकवण रुजवली. २०१७ मध्ये ते गेले, पण पद्धत जगभर आहे. ऑस्ट्रेलियात पर्थला स्विम स्मूथ चालवणारे पॉल न्यूसम सांगतात की फार सरकत बसलात तर दोन हातांमध्ये वेग मरतो, लाटांत तर जास्तच. आमचं मत : पहिल्या दिवशी लॉफलिन, दुसऱ्या दिवशी न्यूसम. बुडत्या पायांच्या माणसाला लय शिकवून उपयोग नाही, आणि तोल आलेल्या माणसाने सरकण्याच्या नादात झोपी जाऊ नये. म्हणून हात मोजतो तसं घड्याळही लावतो. ४०० मीटरची वेळ, त्यातून २०० मीटरची वजा, बाकीचे भागिले दोन. १० मिनिटांत ४०० आणि ४ मिनिटं ४० सेकंदांत २०० करणाऱ्याचा टिकाऊ वेग १०० मीटरला २ मिनिटं ४० सेकंद. याच वेगाने १.९ किलोमीटर ५१ मिनिटांच्या आत संपतात, कटऑफची धास्ती उरत नाही.

तलावात भाऊचं राज्य. गढूळ पाण्यात स्वतःचा हातही दिसत नाही, तळाला काळी रेघ नाही. नागपूरच्या तलावात सरळ जाणारे इथे शिंगाड्याकडे वळतात. दर सहा-आठ हातांनी डोळे पाण्याच्या जेमतेम वर काढून पाळीवरचं मोहाचं झाड बघायचं आणि लगेच बाजूला वळून श्वास घ्यायचा. ढिवरांची पोरं मुळातच डोकं वर ठेवून पोहतात, जाळ्यावर नजर ठेवायची असते ना. भाऊला डोकं खाली घालायला शिकवणं अवघड जाईल असं मला वाटलं होतं. त्याने ते एका सकाळी उचललं, कारण त्याला पाण्याची भीती नावाची गोष्ट ठाऊकच नाही. दुसऱ्याच्या पायांमागे राहून त्याच्या प्रवाहात पोहणंही तोच शिकवतो. सायकलवर कुणाच्या आडोशाने चालवलं तर दंड होतो, पोहण्यात त्याला मुभा आहे.

पैशांचं थोडक्यात सांगते. तलाव होळीपर्यंत उतरतो, उन्हाळी धानाला पाणी सुटलं तर त्याआधीच. म्हणून शेतात साडेबारा मीटर लांब, चार मीटर रुंद, छातीभर खोल अशी सिमेंटची टाकी बांधली, साठ हजार लिटरची. एका बँकेने फाईल परत केली, त्यांच्या यादीत असला धंदा बसत नव्हता. दुसरीकडे मुद्रा योजनेच्या किशोर गटात कर्ज मिळालं. फिल्टरची मोटर कृषिपंपाच्या जोडणीवर चालवता येत नाही, व्यावसायिक मीटर घ्यावं लागलं, आणि ते बिल मे महिन्यात डोळ्यांत पाणी आणतं. पाण्याखालचं चित्रण मात्र स्वस्तात झालं : लोखंडी पाइपच्या टोकाला छोटा कॅमेरा. माझं तासभराचं बोलणं पटत नाही ते स्वतःची वाकडी कंबर बघून दोन मिनिटांत पटतं. जेवण सासूबाईंकडे. पास्ता मागणाऱ्याला भात आणि तलावातले मासे मिळतात. दिवाळीनंतर मंडईचे, म्हणजे गावोगावच्या जत्रेचे, दिवस असले तर रात्री नाटक बघायला जाणारेही असतात, त्यांना सकाळी उशिराची वेळ देतो.

काही गिऱ्हाइकं आम्ही परत पाठवतो. १.९ किलोमीटर चाळीस मिनिटांत करणारे एक जण भिलाईहून आले होते. त्यांना म्हटलं, अजून पाच मिनिटं कमी करायला तुम्हाला वर्ष लागेल, तोच वेळ सायकलला द्या, तिथे जास्त मिळेल. मिस्टर वैतागले. पण पोहण्याचा वाटा ११३ पैकी दोन किलोमीटरही नाही, हे गिऱ्हाइकाला कधीतरी कळणारच. त्या भिलाईवाल्यांनी पुढच्या हंगामात त्यांचे तीन मित्र पाठवले, तिघांचेही पाय बुडणारे.

भाऊला अजून कागद नाही, आणि नवीन येणारे आधी तेच विचारतात. त्यामुळे यंदा तो एनआयएसच्या (पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेच्या) सहा आठवड्यांच्या सर्टिफिकेट कोर्सला अर्ज करतोय. उन्हाळ्यात तलाव तसाही कोरडा असतो. तो जाईल तेवढे आठवडे टाकीतल्या बॅचा मी एकटी घेईन, चारच्या ऐवजी तिघांच्या. तलावातल्या सत्रांची नोंदणी मच्छिमार संस्थेने यंदाची रक्कम ठरवल्यावर सुरू होईल. त्यांनी वाढ मागितली आहे, आणि डोंग्यावरच्या माणसाची मजुरी बघता ती वाजवी आहे.